पुऱ्या तळणारा माजी उपमंत्री

सिंगापूरला आल्यावर महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की मला जे एकच काम नीट येतं ते इथे चालत नाही. मी पत्रकं लिहिते. पोटासाठी सॉफ्टवेअर तपासते, ते वेगळं. माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात सोफ्यावर माणसांआधी गुलाबी कागदांचे गठ्ठे बसायचे. कॉलेजात मी एका संघटनेत शिरले. तिथे एकमेकांना साथी म्हणायचे आणि दर आठवड्याला गेटवर उभं राहून काहीतरी वाटायचे. पत्रक कसं लिहायचं ते मला झोपेतही सांगता येईल. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत दोषी कोण ते, शेवटी मागणी, आणि मागणी एकच.

इथे वर्क पासवर आलेल्या परदेशी मुलीनं चौकात उभं राहून असलं काही वाटायचं म्हटलं तर पहिला प्रश्न पासचाच येतो. ऑफिसातल्या एका पुणेकर सीनिअरनं मला चहा पाजून समजावलं होतं की बाई गं, पास जप, क्रांती पुण्यात जाऊन कर. त्याचंही बरोबर होतं. पण राग असा सुट्टीत पुण्याला जाईपर्यंत बाजूला ठेवता येत नाही. तो मी घरी आणायचे.

घर म्हणजे बुकित पंजांगमधल्या सरकारी इमारतीत एका फ्लॅटमधली भाड्याची खोली. फ्लॅट एका मराठी जोडप्याचा. दोघंही आयटीत, दोघंही मॅनेजर, दोघंही सतत दमलेले. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायचे. त्यांची एक मुलगी प्रायमरी शाळेत, आणि मुलगा नुकता चालायला लागलेला. मुलांच्या खोलीत, मुलांबरोबरच, जावाहून आलेली एक बाई झोपायची. सकाळच्या दुधापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत ते घर तिच्या जिवावर चालायचं. इथे अशा बायांना सगळे हेल्पर म्हणतात. ती माझ्याहून चांगलीच मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले. तिला वाटलं हा दोघींनी एकमेकींना वापरायचा शब्द आहे, म्हणून तीही मला ताईच म्हणायची. मी कधी दुरुस्त केलं नाही.

आणि खालच्या मजल्यावर इटलीचे एक माजी उपमंत्री राहायचे.

हे मला आधी माहीत नव्हतं. आमची पहिली भेट एलआरटीत झाली. ही आमच्या भागातली बिनड्रायव्हरची छोटी गाडी इमारतींच्या इतक्या जवळून जाते की तिच्या खिडक्यांच्या काचा मध्येच आपोआप धुरकट होतात, प्रवाशांना लोकांची बेडरूम दिसू नये म्हणून. काचा धुरकट झाल्या तेव्हा समोर बसलेले म्हातारे गृहस्थ मोडक्या इंग्रजीत मला म्हणाले, "आमच्या मंत्र्यांच्या गाड्यांना अशाच काचा होत्या. फक्त त्यांना घरं दिसू नयेत म्हणून." मग त्यांनी माझ्या कापडी पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीवर वळलेली मूठ होती आणि खाली मराठीत घोषणा. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण मूठ ते ओळखत होते. घोषणेचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि ते इतके खूष झाले की त्यांचं स्टेशन गेलं. गाडी गोल फिरून परत तिथेच येते, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. मलाही नव्हती.

त्यांची मुलगी तुआसच्या एका शिपयार्डमध्ये इंजिनिअर. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना इकडे आणलं होतं. मी त्यांना आजोबा म्हणणार होते, ते नको म्हणाले. त्यांच्या पक्षात एकमेकांना कॉम्पान्यो म्हणायचे, सोबती अशा अर्थानं. मी सांगितलं की आमच्याकडे साथी म्हणतात. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी साथी आणि ते माझ्यासाठी कॉम्पान्यो.

त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या इथल्या मंडईत. तिथल्या काळ्या कॉफीला ते नावं ठेवायचे आणि रोज तीच प्यायचे. वडील एका छोट्या बंदरात जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम करत. हे स्वतः पोरसवदा वयात रविवारी सकाळी दारोदार पक्षाचं वर्तमानपत्र टाकायचे. मग गोदीतली युनियन, मग नगरसेवक, मग गावाचे नगराध्यक्ष. नगराध्यक्ष असताना त्यांनी मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातल्या बायांसाठी पाळणाघर काढलं, आणि त्याबद्दल बोलताना त्यांचं इंग्रजी अचानक सुधारायचं. पुढे खासदार. मग कामगार खात्याचे उपमंत्री. आणि मग लाचखोरीच्या खटल्यांच्या लाटेत त्यांचा अख्खा पक्षच बुडाला. मी भोचकपणे विचारलंच, की तुम्ही खाल्लेत का. ते म्हणाले, मी खाल्ले नाहीत, पण ज्यांनी खाल्ले त्यांच्या शेजारी बसून जेवलो, आणि जेवण कुठून आलं ते विचारलं नाही. मला हे उत्तर पटलं नाही, तसं मी तोंडावर सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी दुसरी कॉफी मागवली.

ताईशी त्यांची ओळख माझ्याआधीची. त्यांना ताप आला होता तेव्हा वहिनीनं तिच्या हाती मुगाची खिचडी पाठवली होती. त्यांनी डबा धुऊन रिकामा परत केला. तेव्हा ताईनंच त्यांना शिकवलं की या घरातला डबा रिकामा परत करायचा नसतो. पुढच्या वेळी डब्यात लिंबं आली.

ताई दर रविवारी, म्हणजे तिच्या सुट्टीच्या दिवशी, आजारी माणसांची शुश्रूषा शिकवणाऱ्या वर्गाला जायची. तिच्या गावाजवळच्या शहरात म्हाताऱ्यांसाठी एक निवास होता, तिथे तिची मावसबहीण कामाला होती. परीक्षा पास झालेल्या बाईला तिथे घेतो, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणजे हा करार संपला की ताईला पुन्हा कुठल्या परक्या घरात जायचं नव्हतं. तिला आपल्या मुलाच्या जवळ, स्वतःच्या घरी झोपायचं होतं. बस, एवढंच. पण ते सगळं त्या परीक्षेवर होतं.

सरावासाठी तिला कुणीतरी पेशंट लागायचा. माझं वजन कमी आणि मला गुदगुल्या फार, त्यामुळे मी बाद झाले. कॉम्पान्यो स्वतःहून तयार झाले. मुलांना खाली बागेत नेण्याआधी ताई त्यांच्याकडे थोडा वेळ थांबायची. ते कोचावर आडवे पडत, वहिनीची मुलगी घड्याळ धरून बसे आणि बाळ त्यांच्या चपला पळवे. ताई त्यांना कुशीवर वळवायची, पाठीला उशी लावायची, उठवून खुर्चीत बसवायची. ते म्हणायचे की संसदेत एवढी वर्षं काढली, पण त्यांना एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला इतकं सहज कुणी वळवू शकलं नव्हतं. ताई त्यांना दटावायची की पेशंट बोलत नसतो.

परीक्षेची तारीख आली. रविवार. आणि त्याच रविवारी मराठी मंडळाचा गणपतीचा महाप्रसाद.

इथे गणपती पंचांगाप्रमाणे घरी बसतो आणि हॉल मिळेल त्याप्रमाणे मंडळात. हॉल मिळतो रविवारी, कारण रविवारी सगळ्यांना सुट्टी. सगळ्यांना म्हणजे आपल्याला. आरती होते, मुलांचे नाच होतात, मोठी माणसं रेशमी कुर्ते घालून एकमेकांना भेटतात, आणि हॉलच्या मागच्या मोकळ्या जागेत घरोघरच्या हेल्पर बाया पुऱ्या लाटतात आणि रडकी मुलं सांभाळतात. बाकी जेवण केटररकडून येतं, पण पुरी गरम हवी. यात कुणाला काही वावगं दिसत नाही, कारण प्रत्येक जण म्हणतो, ती आमच्या घरातलीच आहे. घरातली आहे म्हणून सणाला राबणार. घरातली आहे म्हणून तिला वेगळं विचारायचं कशाला. आमच्या लोकांची ही खास चूक आहे. वाईट वागवून कुणी करत नाही, मायेनं करतात, म्हणून ती दिसत नाही.

नियमानं तिला सुट्टी होती. पण दोघांच्या संमतीनं सुट्टी पुढेमागे सरकवता येते. वहिनी त्या वर्षी भोजन समितीची प्रमुख. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं की त्या रविवारी जरा येशील ना. ताई म्हणाली, "कॅन, मॅम." झाली संमती.

मला हे ताईकडून कळलं. ती कपडे वाळत घालत होती. मी भडकले तर ती माझ्यावरच चिडली. मॅमनं मला क्लासला जाऊ दिलं, फी भरायला मदत केली, आता एका दिवसासाठी मी नाही कसं म्हणू, असं तिचं म्हणणं. पुढची परीक्षा कधी, विचारलं. नक्की तारीख तिला माहीत नव्हती. करार त्याआधी संपणार होता, एवढं माहीत होतं. ती एकेक चिमटा जोरात लावत होती.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण "शोषण" हा शब्द मी वापरला आणि वहिनीच्या हातातली सुरी थांबली. मग म्हणाली की तारीख तिच्या लक्षात आली नव्हती, ते तिचं चुकलंच, पण आता समितीला शब्द दिलाय, बाकीच्या घरांतल्या बायाही कमी झाल्यात, आणि बाळाला ताईशिवाय कुणी घेतलं की ते हॉल डोक्यावर घेतं. आणि मग माझ्याकडे वळून तिनं अगदी शांतपणे विचारलं, "आणि पुऱ्या कोण लाटणार, पुढारीणबाई? तुझं पत्रक?"

मुलगी डायनिंग टेबलावर गृहपाठ करत होती. तिनं मान वर न करता शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत मला ऐकवलं, "ताई, you always so fierce one lah."

मी खोलीत जाऊन पत्रकच लिहिलं. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला. पहिली ओळ होती: रविवार कुणाचा? दुसऱ्या ओळीत दोषी. शेवटी मागणी, एकच. चांगलं उतरलं होतं. आजही वाचलं तर त्यातला शब्द बदलावासा वाटत नाही. पाठवण्याआधी कॉम्पान्योंना दाखवावं म्हणून खाली गेले. ते इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलापाशी, दोन चिनी आजोबांचा पटावरचा डाव बघत बसले होते. मी एकेक ओळ इंग्रजीत करून सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि दोन ओळी पुन्हा सांगायला लावल्या. मला वाटलं आता शाबासकी मिळणार.

मिळाली. म्हणाले, उत्तम आहे. मग विचारलं की मागच्या वर्षी पुऱ्या लाटायला एकूण किती हात होते. मला माहीत नव्हतं. तळायला कोण असतं? तेही माहीत नव्हतं. तू लाटू शकतेस?

"साथी," ते म्हणाले, "यात न्याय भरपूर आहे. हात एकही नाही."

मला याचा राग आला आणि मी तो लपवला नाही. मी म्हटलं की ज्या बाईचा हक्क आहे तिच्या हक्कासाठी मी पुऱ्या का लाटायच्या, हक्क म्हणजे काय बदली कामगार दिल्यावर मिळणारी सवलत आहे का. ते म्हणाले, नाही, तू म्हणतेस तेच बरोबर. पण तुझ्या वहिनीनं ते वाचून चूक कबूल करायला किती दिवस घ्यावेत असं तुला वाटतं? आणि परीक्षा कधी आहे?

परीक्षा येत्या रविवारी होती.

मग त्यांनी मला त्यांच्या पक्षाच्या उन्हाळी जत्रेबद्दल सांगितलं. गावागावात पक्ष अशी जत्रा भरवायचा. लांबलचक बाकं, बँड, भाषणं आणि तळलेले मासे. रिवाज असा की तिथे वाढायचं, तळायचं आणि भांडी घासायचं काम पक्षाच्याच माणसांनी करायचं. निवडून आलेला असो की पत्रकं वाटणारा, एप्रन सगळ्यांना. त्यांनी पोरसवदा असताना ताटं उचलली होती आणि नगराध्यक्ष झाले तेव्हा मोठ्या कढईवर मासे तळले होते. म्हणजे तळणं त्यांना येत होतं. ते उठून काठी शोधायला लागले.

वहिनीनं दार उघडलं तेव्हा तिला वाटलं मी भांडणाला साक्षीदार आणलाय. कॉम्पान्योंनी आधी तिचे आभार मानले. तापात पाठवलेल्या खिचडीचे. त्यात हिंग किती होता, तूप वर होतं की खाली, सगळं सांगितलं. त्या दिवसांत मुलगी रात्रपाळीला होती आणि दाराची बेल वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही सांगितलं. मी चुळबुळत होते. मला वाटत होतं हे काय मस्का लावणं चाललंय. पण ते मस्का लावत नव्हते. ते खरंच आभार मानत होते, आणि ते झाल्यावरच त्यांनी विचारलं की रविवारी तुमच्या कढईवर मला उभं राहू द्याल का. म्हणजे ताईला परीक्षेला जाता येईल. ही माझी मैत्रीण लाटेल.

वहिनीनं त्यांच्यादेखत मला मराठीत विचारलं, "यांना झेपेल का? आणि गोमांस खाणारा माणूस देवाच्या स्वयंपाकात म्हणजे मंडळात काय बोलतील गं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तिचं तीच म्हणाली, "जाऊ दे. आंघोळ करून या म्हणावं."

रविवारी ते आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, स्वतःचा एप्रन घेऊन आले. ताई आमच्याच बरोबर खाली उतरली, केस घट्ट बांधलेले, हातात पेन्सिलची पिशवी. तिनं वहिनीला नमस्कार केला, मला चिमटा काढला, कॉम्पान्योंना पाठ ताठ ठेवायला सांगितलं आणि स्टेशनकडे गेली.

हॉलच्या मागे कढई तापली. मी लाटायला बसले. माझ्या पुऱ्या गोल होईनात. वहिनी एक उचलून बघत म्हणाली, "ही पत्रकाच्या आकाराची झाली." कॉम्पान्यो म्हणाले चालेल, त्यांच्या आईच्या गावी असंच पीठ तळतात, अशीच फुगते, फक्त चौकोनी असते. तिथे ते कुठल्या प्राण्याच्या चरबीत तळतात हेही त्यांनी मला हळूच सांगितलं. ते मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

तळण्यात माणूस पक्का होता. पुरी सोडायची, झाऱ्यानं नुसतं दाबायचं, उलटायची, काढायची. बोलणं चालू, हात चालू. रेशमी कुर्त्यातले लोक उगाच मागे डोकावून जायला लागले. एका काकांनी मला विचारलं की हा केटरर कुठला. मी म्हटलं, इटलीच्या सरकारमधला. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

आणि मग बाळानं भोकाड पसरलं. दादा आत माइकची व्यवस्था बघत होते. बाळाला दोनतीन जणींनी घेऊन बघितलं, ते कुणाकडेच राहीना, ताईच्या नावानं ओरडत होतं. वहिनीच्या एका हातात लाटणं, कडेवर ते लालबुंद पोर, समोर पिठाचा डोंगर, आणि आत आरती संपत आलेली. तिनं पर्समधून फोन काढला. म्हणाली की तिचा लेखी पेपर तर आता होईल, नंतरचं ते पेशंट वळवण्याचं काय ते दुसऱ्या दिवशी घेतात का विचारते, नाहीतर निदान जेवणापुरतं तरी तिनं यावं, टॅक्सीचं मी बघते.

मी उभी राहिले. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, पहिल्या ओळीपासून. कॉम्पान्योंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते वहिनीशी बोलायला लागले, पुऱ्या काढत काढत, असं की जणू कशाचीच घाई नाही.

ज्या बाईनं त्यांना तळायला शिकवलं ती मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातली कामगार होती. जत्रेच्या कढईवर तिचं राज्य. यांचा एप्रन ती वर्षभर सांभाळून ठेवायची आणि जत्रेच्या दिवशी खिळ्याला अडकवायची. ते उपमंत्री झाले त्या वर्षी गाडीतून आले, थेट व्यासपीठावर गेले आणि श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण केलं. "फार चांगलं भाषण होतं," ते म्हणाले. "ती कढईपाशी होती, तिला मागून ऐकू येत होतं." भाषणानंतर ते हात मिळवायला तिच्याकडे गेले. तिचे हात तेलात भिजलेले. तिनं त्यांना नुसतं मनगट पुढे केलं, म्हणजे साहेबांची बाही खराब होऊ नये. एप्रन खिळ्याला तसाच होता. तो त्यांना दिसला होता. पण गाडी थांबली होती, रोममध्ये काम होतं, ते निघून गेले.

"त्या दिवशी मी माणूस म्हणून हरलो," ते म्हणाले. "निवडणूक नंतर हरलो."

पक्ष बुडाल्यावर जत्राही बंद पडली. पुढच्या उन्हाळ्यात काही जुन्या लोकांनी चर्चच्या आवारात कढई लावली. जागा दिली ती पाद्र्यानं, ज्याच्याशी यांनी पाळणाघरावरून वर्षानुवर्षं भांडण केलं होतं. हे तिथे गेले. रस्त्यात लोक तोंड फिरवत होते. त्या कढईवाल्या बाईनं एप्रन हातात दिला आणि घाण भांड्यांकडे बोट केलं. "मंत्रिमंडळात घेतलं तेव्हा मी कुणाचे आभार मानले नाहीत, वाटलं माझा हक्कच आहे. तिचे मी अजून मानतो. हरलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेणारं सहसा कुणी भेटत नाही."

एवढं सांगून त्यांनी वहिनीला विचारलं की मीठ कुठे आहे. पुरीत मीठ आधीच असतं, त्यांना माहीत होतं.

वहिनी फोन हातात धरून उभी होती. बाळ हुंदके देत तिच्या खांद्याला नाक पुसत होतं. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला, हॉलच्या दारापाशी गेली आणि आत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अहो, माइक राहू दे. पोराला घ्या. आणि येताना आणखी दोन कुर्तेवाले घेऊन या, लाटायला."

दादा आले. बाळ त्यांच्याकडेही रडलंच, पण ते त्याला घेऊन हॉलभर फेऱ्या मारत राहिले आणि शेवटी ते त्यांच्या कुर्त्यावर वरणभात सांडून झोपलं. कुर्तेवाले दोनाचे चार झाले, कारण इतरांना राहवेना. त्यातल्या एका बँकेतल्या डायरेक्टरला पुरी इतकी सुरेख जमायची की त्याची बायको बघतच राहिली. म्हणाली, सोळा वर्षं लपवून ठेवलंत होय. हॉलमध्ये त्या दिवशी पुऱ्या उशिरा पोचल्या, काही जाड होत्या, काही चौकोनी. कुणी उपाशी राहिलं नाही.

ताई आली तेव्हा शेवटची पंगत चालू होती, आमची, कामाच्या लोकांची. बाकी घरांतल्या बायाही त्याच पंगतीत होत्या, हे त्या दिवशी पहिल्यांदा झालं, आणि कुणी ठरवून केलं नव्हतं. ताई दारात उभी राहिली. चेहऱ्यावरून काही कळेना. वहिनी उठली. तिचे हात पिठातेलानं भरलेले. ताईचे परीक्षेचे कपडे स्वच्छ. वहिनी दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिली आणि विचारलं कसं झालं. ताई म्हणाली, मॅम, तिथला पेशंट फार जड होता, पण आमच्या पेशंटपेक्षा कमी बोलत होता. कॉम्पान्यो कढईपासून हसले. मग ताईनंच वहिनीचं मनगट धरलं आणि तिला नळाकडे नेऊन हात धुवायला लावले.

आम्ही तिला बसवून वाढायला सगळे तयार. मी तर भाषणासकट. तिला जेवायचंच नव्हतं. दमले, म्हणाली, डबा भरून द्या, घरी निवांत खाते. तिचा रविवार होता. ती डबा घेऊन गेली.

ती पास झाली. करार संपल्यावर तिला विमानतळावर सोडायला आम्ही सगळे गेलो. बाळ रडलं, वहिनी रडली, दादांनी चष्मा पुसला. आता ती त्या निवासात काम करते आणि मुलाजवळ झोपते. मला अधूनमधून फोटो पाठवते आणि ताई म्हणते.

मी मात्र तशीच आहे. ते पत्रक मी पुढच्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, एक शब्द न बदलता. फक्त शेवटी जोडलं की पुढच्या वर्षी लाटायला मी आहे, आणखी कोण? काही लोक ग्रुप सोडून गेले. एकांनी मला कम्युनिस्ट म्हटलं, ते मी कॉम्पान्योंना सांगितल्यावर त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं, कारण ते आयुष्यभर समाजवादी होते आणि हा फरक त्यांच्या लेखी फार मोठा. पण सर्वात आधी जिनं हात वर केला तिचं नाव बघून मी फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाजी चिरत होती. तिनं मला विळी दिली आणि सरकून जागा केली.

यंदाचा हॉलही रविवारीच मिळालाय. कॉम्पान्योंचे गुडघे आता उभं राहू देत नाहीत, म्हणून त्यांना उंच स्टूल द्यायचं ठरलंय. त्यांचा एप्रन वहिनी वर्षभर आमच्या कपाटात ठेवते. परवा तिनं तो धुऊन इस्त्री केला आणि स्वयंपाकघराच्या दाराला अडकवला. मी दिसले की म्हणते, तुझ्या मंत्र्याला सांग, आंघोळ करून यायचं.